टंग डिप्रेसर

टंग डिप्रेसर हे तोंड व घसा तपासताना जीभ खाली दाबून धरण्याचे साधे वैद्यकीय उपकरण आहे. नावाचा शब्दशः अर्थ ‘जीभ दाबणारे’ असा असून मराठी व्यवहारातही हेच इंग्रजी नाव चालते. सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोके गोलसर असलेली गुळगुळीत लाकडी पट्टी. ती बहुधा बर्च वृक्षाच्या लाकडाची असते आणि एकदा वापरून टाकून द्यावयाची असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ काटकोनात वाकविलेले पोलादी उपकरणही वापरतात. ते निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते, शिवाय धरणारा हात दृष्टीच्या आड येत नाही.

तपासणीची रीत

पट्टी जिभेच्या पुढील दोन तृतीयांश भागावर टेकवून दाबतात. तिचा स्पर्श त्याहून मागे झाला की उमासा येतो. लहान मुले पट्टी पाहताच तोंड मिटतात ती याच अनुभवामुळे. रुग्णाला ‘आ’ म्हणावयास सांगण्यामागेही कारण आहे. त्या उच्चाराबरोबर मृदू टाळू वर उचलला जाऊन टॉन्सिल, पडजीभ व घशाची मागील भिंत दिसते. त्या वेळी पडजीभ एका बाजूस ओढली गेल्यास विरुद्ध बाजूच्या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेचा पक्षाघात संभवतो.

पट्टीने गाल बाजूला सारून आतील अस्तरही पाहतात. गोवरात अंगावर पुरळ उठण्यापूर्वीच तेथे दाढांसमोर बारीक पांढुरके ठिपके दिसू शकतात. घटसर्पात घशात करडा पापुद्रा धरतो. तो खरवडू गेल्यास रक्त येते.

धनुर्वाताची चाचणी

धनुर्वाताचे निदान मुख्यतः लक्षणांवरून करावे लागते. त्यात ही पट्टी उपयोगी पडते. तिने घशाच्या मागील भिंतीस स्पर्श केला असता निरोगी माणसाला उमासा येतो व तो पट्टी बाहेर लोटू पाहतो. धनुर्वाताच्या रुग्णाचा जबडा मात्र आपोआप आवळला जाऊन पट्टी दातांत पकडली जाते. मुंबईतील आपटे व कर्नाड या डॉक्टरांनी ४०० संशयित रुग्णांवर ही चाचणी करून पाहिली व १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष धनुर्वात असलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्णांत ती होकारार्थी आली. ज्यांना धनुर्वात नव्हता अशा एकाही रुग्णात ती तशी आली नाही.

केव्हा वापरू नये

श्वासनलिकेच्या मुखावरील झाकणाला, म्हणजे स्वरयंत्रच्छदाला, तीव्र सूज आल्याचा संशय असलेल्या मुलाची जीभ पट्टीने दाबणे धोक्याचे असते. तेवढ्या डिवचण्यानेही श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. जोराचा ताप, गिळता न आल्याने गळणारी लाळ, पुढे झुकून बसणे आणि श्वास घेताना होणारा घरघर आवाज ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी घरी चमच्याच्या दांड्याने घसा पाहण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मुलाला आडवे न निजविता, न रडविता, बसलेल्या स्थितीतच तातडीने रुग्णालयात न्यावे. तेथे श्वासनलिकेत नळी घालण्याची सिद्धता ठेवूनच घसा तपासतात.