मरणाशी बोलणी – भाग ७ : ‘खितपत पडायला नको’

गेल्या भागात एपिक्युरस पाहिला. मेलेल्याला काहीच जाणवत नाही, तेव्हा मरणाला घाबरण्यात अर्थ नाही, हे त्याचं म्हणणं बिनतोड आहे. पण आपल्याकडची म्हातारी माणसं मेल्यानंतरच्या अवस्थेला एरवीही फारशी भीक घालत नाहीत. त्यांचं मागणं वेगळंच असतं : हातीपायी धड असताना जावं, कुणाला करायला लावू नये. भीती आहे ती खितपत पडण्याची. हल्ली तिच्यात आयसीयूची भर पडली आहे. नळ्या, व्हेंटिलेटर, दाराबाहेर ताटकळणारे नातेवाईक आणि रोज फुगणारं बिल. इथे तत्त्वज्ञान फारसं कामाला येत नाही. कायदा थोडाफार येतो, आणि त्याची वाट परळवरून जाते.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये तिथेच हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. मे २०१५मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना मरू द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २०११मध्ये तो फेटाळला गेला. मात्र त्याच निकालाने, असाध्य अवस्थेत उपचार थांबवता येतील, असं मान्य केलं. विराणींची बाजू कळते, परिचारिकांची तर जास्तच कळते. पण दोन्हीकडून बोलत होते ते दुसरेच. अरुणाताईंना स्वतःला काय हवं असतं, हे सांगणारं काहीच मागे नव्हतं.

ते मागे ठेवायची सोय २०१८च्या निकालाने केली. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. मी बरा होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर अमुक उपचार करू नका किंवा सुरू असलेले थांबवा, असं सज्ञान माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. इंजेक्शन देऊन जीव घेण्याशी याचा संबंध नाही. तो आजही गुन्हाच आहे. आणि वेदना कमी करणारे उपचार थांबत नाहीत, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

सुरुवातीला या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. मरणाची बोलणी करायला कोर्टाची पायरी कोण चढणार? जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ पाहणी करतं, मग दुसरं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. लिहिणाऱ्याचंच मत बदललं, तर शुद्धीत असेपर्यंत कागद कधीही बदलता येतो.

तरी गाडी अडते ती घरात. आईने विषय काढला की ‘शुभ बोल ग’ म्हणून तिला गप्प केलं जातं. मग एका रात्री दारात ॲम्ब्युलन्स येते, परदेशातला मुलगा विमानातून उतरून थेट रुग्णालयात पोहोचतो आणि वर्षभराचं अपराधीपण तीन शब्दांत ओततो : ‘डॉक्टर, सगळं करा.’ त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आईला काय नको होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कागदावर आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं लिहायची असतात. तिथे सर्वांत लाडक्याचंच नाव घालायची घाई करू नये. रडत का होईना, पण डॉक्टरांना ‘नको’ म्हणू शकेल अशी एखादी सून, भाची किंवा जुना मित्र जास्त कामाचा. आणि तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. एक प्रत त्या व्यक्तीकडे असावी, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे.

पुढच्या भागात : वेदना, मॉर्फिन आणि त्याबद्दलची आपली धास्ती.