छापखान्यातील उरलेसुरले

गडहिंग्लज हे हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. आंबोलीच्या डोंगराळ भागात उगम पावलेली ही नदी आजऱ्यावरून येथे येते आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. तुळशीचे लग्न आटोपले, की अशा गावांतील छापखान्यांना उसंत म्हणून मिळत नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, यात्रेची हँडबिले यांच्या छपाईची घाई उडते. गिऱ्हाईक आपला गठ्ठा घेऊन आनंदाने घरी जाते. मागे जे उरते, ते मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. कागदाच्या पट्ट्या, शाईने माखलेल्या चिंध्या, वापरून झालेल्या प्लेटा आणि धुण्याचे काळे पाणी! या उरल्यासुरल्याचे काय करावे, हा प्रश्न मुद्रणकलेइतकाच जुना आहे.

यात सर्वांत मोठा वाटा कागदाचा. छापखान्यात कागद ठरावीक मापांच्या मोठ्या तावांत येतो. 'डबल क्राउन' नावाचा ताव २० इंच रुंद व ३० इंच लांब असतो. समजा, एखाद्या पुस्तकाचे पान १० इंच उंच व साडेसात इंच रुंद ठरविले. तावाच्या २० इंचांत १० इंचांचे दोन भाग बसतात आणि ३० इंचांत साडेसात इंचांचे चार. एका तावातून आठ पाने निघतात आणि कडा साफ करताना जाणारा किंचित भाग सोडला, तर काहीच वाया जात नाही. आता कोणी हौसेने पानाची रुंदी केवळ अर्ध्या इंचाने वाढवून ८ इंच केली, तर काय होईल? ३० इंचांत ८ इंचांचे तीनच भाग बसतील. पाने सहाच निघतील आणि ६ इंच रुंद, २० इंच लांब अशी पट्टी उरेल. ६०० चौरस इंचांच्या तावातील १२० चौरस इंच, म्हणजे पाचवा हिस्सा, अर्ध्या इंचाच्या हौसेपायी गेला! म्हणून जाणता मुद्रक गिऱ्हाइकाशी भावाच्या आधी मापाचे बोलतो.

तरीही ज्या पट्ट्या उरतात, त्यांतून लहान पावत्या वा नावाची कार्डे काढता येतात. त्याहून बारीक कात्रण रद्दीत जाते. तेथेही दक्ष मुद्रक कोरी पांढरी कात्रणे निराळी ठेवतो व छापलेली निराळी. कारण कोऱ्या कात्रणांतून शाई काढावी लागत नाही आणि त्यांचा लगदा स्वच्छ होतो. अर्थात हा फेरा अखंड चालत नाही. प्रत्येक वेळी कागदाचे तंतू आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर ते कागदाच्या उपयोगाचे राहत नाहीत.

जुन्या काळच्या छापखान्यांत तर टाकून देण्यासारखे फारच थोडे असे. अक्षरांचे खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचे असत. ते झिजले, की वितळवून पुन्हा ओतले जात. शाई लावण्याचे रूळ सरसात काकवीसारखा गोड पाक मिसळून घडवीत. पावसाळ्यात ते मऊ पडत, उंदीरही त्यांना कुरतडत. पण बिघडलेला रूळ वितळवून नवा करता येई. गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांना हे ऐकून मौज वाटेल. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले, ते शिळाछापावर. शिळाछापाचा दगड घासला, की नव्या मजकुरासाठी पुन्हा तयार होई. शाईत जनावरांची चरबी असल्याने धार्मिक लोक छापील ग्रंथाला शिवण्यास कचरत, तेव्हा त्यांनी चरबीऐवजी तुपाचा उपयोग केला. शाईत काय घातले आहे, ही विचारणा आपल्याकडे अशी फार पूर्वीपासूनची आहे.

मात्र जुने ते सारे चांगले, असे समजण्याचे कारण नाही. शिसे हे विष आहे. खिळे जुळविणारे कामगार दिवसभर ते हाताळीत आणि न धुतलेल्या हातांनी जेवत, तेव्हा ते हळूहळू शरीरात साचे. पोटात कळा येणे, हातांतील शक्ती जाणे असे विकार त्यातून जडत. खिळे गेले व ऑफसेट यंत्र आले, तेव्हा कामगारांच्या मागची ही पीडा सुटली.

ऑफसेटमध्ये ॲल्युमिनियमची पातळ प्लेट असते. पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत, हे शिळाछापाचेच तत्त्व येथेही आहे. वापरलेली प्लेट भंगारात देणे शहाणपणाचे असते, कारण जुने ॲल्युमिनियम वितळविण्यास नव्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. शाईत पूर्वीपासून जवसाचे तेल असे. पुढे खनिज तेल आले. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका वृत्तपत्राने १९८७ साली सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून पाहिली. पुढे तिचा प्रसार झाला. ती संपूर्ण निर्दोष नसली, तरी तिच्यातून उडणारी घातक वाफ कमी असते आणि रद्दीच्या लगद्यातून ती अधिक सहज निघते. खरी अडचण यंत्र धुण्याची. रॉकेल वा पेट्रोलने रूळ पुसले, की वाफ कामगाराच्या छातीत जाते आणि धुवण गटारात. गावचे गटार शेवटी नदीलाच भेटते. म्हणून चिंध्या झाकणाच्या डब्यात ठेवणे, धुवण साठवून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे देणे, आणि फिकट रंगाकडून गडद रंगाकडे अशा क्रमाने कामे लावून धुण्याच्या वेळाच कमी करणे, हे उपाय योजतात. यांपैकी शेवटच्या उपायाला एक पैसाही लागत नाही.

कागदावर प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा चढविलेली लग्नपत्रिका मात्र रद्दीवाल्यालाही नकोशी होते, कारण पापुद्रा व कागद सहज वेगळे होत नाहीत. फलकांच्या फ्लेक्सचे तर विचारूच नये. तो कागद नसून पीव्हीसी असतो. जाळला तर विषारी वायू सोडतो. केरळ सरकारने २०१९ साली त्यावर बंदी घातली. आपल्याकडे वाढदिवसाचा फलक उतरला, की गोठ्यावर वा कडब्याच्या गंजीवर जाऊन बसतो. तेवढाच त्याचा पुनर्जन्म!

लाकडाखेरीज कागद होतो का? पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० सालापासून सुती कापडाच्या कात्रणांचा कागद बनविला जात आला. गडहिंग्लजच्या आसपास तर उसाचे रान पसरलेले आहे. कारखान्यात १०० किलो ऊस गाळला, की सुमारे ३० किलो ओली चिपाडे निघतात आणि चिपाडांपासून उत्तम कागद होतो. तमिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद कारखान्यात १९८४ पासून ते काम चालत आले आहे. परंतु चिपाडे म्हणजे फुकटचा कचरा नव्हे. गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ त्यांचाच असतो आणि साखर कारखान्याचे बॉयलरही त्यांच्यावरच तापतात. ती कागदाला दिली, तर जाळायचे काय? करूरच्या कारखान्याने यावर देवाणघेवाणीचा तोडगा काढला. साखर कारखान्यांकडून चिपाडे घ्यायची आणि त्यांच्या बदल्यात वाफ किंवा इंधन द्यायचे. मग त्या वाफेसाठी काय जाळले, हेही हिशेबात धरावे लागते.