गंजिफा : दहा अवतारांचा दरबार
पंधराव्या शतकात मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी सोनेरी वर्खावर रंगविलेल्या टॅरो पत्त्यांचे कौतुक ऐकताना, शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात रमणाऱ्या पुणेकराला आपल्या वाटोळ्या गंजिफा आठवाव्यात, हे स्वाभाविकच होय. टॅरोची पाने ७८. दशावतारी गंजिफांची १२०, म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. खेळाचा शिरस्ता मोठा मार्मिक आहे : दिवसा डाव रामाच्या राजाने उघडावयाचा, रात्री कृष्णाच्या, शिवाय निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्यांत एक्का, त्यामुळे स्मरणशक्तीची जी कसोटी लागते तिच्यापुढे ब्रिज मला तरी पोरखेळ वाटतो. टॅरोदेखील मुळात निव्वळ खेळच. भविष्यकथनाचा भार त्याच्यावर पडला तो अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. छापील पत्त्यांच्या लाटेत गंजिफांची कला विझू लागली असता, सावंतवाडीचे शिवरामराजे व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्याच्या दरबार दालनातच कारखाना मांडला. २०२४ साली तेथील गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.