विजयदुर्ग : धनी बदलले, तट उभा राहिला

मिठबाव ज्या देवगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या उत्तरेस, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. परंतु आठशे वर्षांत तो किती धन्यांच्या हाती गेला, याचा विचार आपण क्वचितच करतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला, असे मानले जाते. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला ‘घेरिया’ म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांनी तो विजय संवत्सरात (इ.स. १६५३) घेतला म्हणून त्याचे नाव विजयदुर्ग पडले, अशी परंपरा आहे. त्यांच्या काळात किल्ल्याचा विस्तार झाला आणि तो आरमाराचे ठाणे बनला.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांचा व नंतर डचांचा हल्ला येथून परतवला गेला. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांच्याकडून किल्ला जिंकला. आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. घरच्या भांडणाचा लाभ परक्याने घेतला, हा त्यातील कटू धडा होय. त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोट ठेवून घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. त्यानंतर धुळपांनी येथून मराठी आरमार चालविले. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले.

किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण सांगतात. हेलियमचा शोध येथेच लागला असे अनेकदा म्हटले जाते. वस्तुतः त्या ग्रहणाचे निरीक्षण करणारे जान्सेन गुंटूर येथे होते, तर लॉकियर यांनी त्याच वर्षी इंग्लंडमधून सूर्याचा अभ्यास केला. स्थानिक अभिमान बाळगताना सत्याचीही कदर व्हावी.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पावसात तटाचा काही भाग कोसळला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा घोषित केले. त्यांत विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातील दोन्ही जलदुर्ग आहेत.

पूर्वीच्या प्रत्येक धन्याने आपल्या गरजेपोटी हा तट राखला. आता तो कोणाच्याही युद्धाच्या कामाचा नाही. म्हणूनच त्याची खरी काळजी आपल्यावर आहे. सहलीला जाताना तेथे कचरा न टाकणे, दगडांवर नावे न कोरणे आणि मुलांना त्याचा खरा इतिहास सांगणे, एवढे तरी आपण निश्चितच करू शकतो.