जुना एअरबँड रेडिओ आजही का चालतो?

घरातल्या एफएम रेडिओचा काटा १०८ वर जाऊन थांबतो. त्याच्या पुढे काय असतं? तिथून विमानांची पट्टी सुरू होते. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्ये विमानाला वाट दाखवणारे संकेत असतात आणि ११८ ते १३७ मध्ये वैमानिक व नियंत्रण कक्ष यांचं बोलणं चालतं. या पट्टीला एअरबँड म्हणतात.

इंग्लंडमध्ये विमानं बघायचा छंद जुना आहे. हीथ्रो विमानतळाच्या कुंपणाबाहेर वही आणि दुर्बीण घेऊन लोक तासन्‌तास उभे राहतात, विमानावरचा नोंदणी क्रमांक टिपतात. १९७०-८० च्या काळात त्यांच्या हातात एअरबँडचा छोटा रेडिओही दिसू लागला. स्वस्त सेटला चकती आणि काटा, तर सोनीच्या एअर-७ सारख्या महाग सेटला आकडे दाखवणारा पडदा.

हे सेट आजही बोलतात. जुना अँटेनावाला टीव्ही बहुतेक ठिकाणी निकामी झाला, मग हा रेडिओ कसा टिकला? कारण विमानांचं बोलणं अजून एएम पद्धतीनेच चालतं. जगभरच्या विमानांत एकच पद्धत लागते, ती एका रात्रीत बदलता येत नाही, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर ज्याची लहर जोरकस तोच ऐकू येतो, दुसरा पार गायब! एएममध्ये दोन्ही लहरी मिसळतात आणि कर्कश शिट्टी वाजते. बोलणं कळत नाही, पण आणखी कुणीतरी बोललं एवढं तरी कळतं.

ही शिट्टी किती गंभीर असू शकते ते पाहा. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं. केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर. नियंत्रक केएलएमला ‘थांबा’ सांगत होता, नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं सांगत होते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये साधारण ३-४ सेकंद शिट्टी ऐकू आली आणि दोन्ही निरोप तिच्यात बुडाले. केएलएम तोवर धावू लागलं होतं. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. शिवाय महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. आपण वर्गात पाढे म्हणून घेतो ना, तसंच!

याचा छंदी माणसाला भलताच फायदा होतो. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे जमिनीवरचा दूरचा टॉवर आपल्याला ऐकू येत नाही. पण ३५,००० फुटांवरचं विमान ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. म्हणजे संवादाची एकच बाजू कानी पडते, आणि वैमानिकाने परत म्हटलेल्या वाक्यावरून टॉवर काय म्हणाला असेल ते ओळखायचं.

स्वस्त जुन्या सेटची एक गंमत (मालकाला मात्र डोकेदुखी) अशी की, काटा ११९.४ वर ठेवला तर मध्येच गाणी वाजू शकतात. काही सेटमध्ये २१.४ मेगाहर्ट्झ खालचं, म्हणजे ९८ चं एफएम केंद्र आत घुसतं.

मात्र सेट मागवण्याआधी कायदा बघा. अमेरिकेत नुसतं ऐकायला सहसा अडचण नाही. ब्रिटनमध्ये सेट दुकानात मिळतो, पण परवानगीशिवाय ऐकणं हा गुन्हा आहे. भारतात तर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असं यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागत आला आहे.

वर्गात यातलं एक गणित मात्र बिनधास्त घेता येतं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १२५ साठी २.४ मीटर, त्याचा चौथा भाग ६० सेंटिमीटर. एअरबँडसाठी सळईची अँटेना साधारण एवढी ओढायची. आता घरच्या एफएम सेटवरचं १०० मेगाहर्ट्झ घ्या. उत्तर ७५ सेंटिमीटर येतं. मुलांना पट्टी देऊन अँटेना मोजायला सांगा.