आज्ञावलींचें परस्परावलंबन



वऱ्हाडांत शेंदूरजनाघाटचें नांव निघालें कीं संत्र्याच्या कलमांची आठवण होते. सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांतील या गांवीं रोपवाटिकांचा मोठा धंदा आहे. जंभेरीच्या खुंटाची साल चिरून तींत संत्र्याचा डोळा बसवितात. फळ संत्र्याचें, मूळ जंभेरीचें. खुंटाची साल नीट सुटत नसेल, तर जाणता माळी डोळा बांधीतच नाहीं. बळजबरीनें बांधलेला डोळा धरत नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. आजचा विषय बागेचा नव्हे, संगणकाचा आहे. परंतु खुंट व डोळा हे दोन शब्द ध्यानांत राहिले तर पुढचें समजणें सोपें जाईल.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरविणारा संगणक. त्यावर बसविलेली कोणतीही आज्ञावली एकटी नांदत नाहीं. ‘कोहा’ ही ग्रंथालयांची आज्ञावलीच घ्या. ती न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठीं तयार झाली व २००० सालीं चालू झाली. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. आणि ती खरोखरच विनामूल्य असल्यानें आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनीं ती स्वीकारली आहे. ती पर्ल नांवाच्या भाषेंत लिहिलेली आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची नांवें, कोणाकडे कोणतें पुस्तक गेलें आहे, हें सारें ठेवण्यास तिला मायएस्क्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस लागतो, आणि पर्ल व डेटाबेस यांचें बोलणें व्हावें म्हणून मध्यें एक दुभाष्याही लागतो. अशा प्रत्येक घटकाच्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजावर त्याच्या अटी लिहिलेल्या असतात: मला अमुक सोबती हवा, तो अमुक आवृत्तीहून जुना नसावा, आणि तमुक घरांत असेल तर मी येणार नाहीं. डेबियन या प्रणालींत ‘अ‍ॅप्ट’ नांवाचा कारभारी या अटी वाचून सर्वांची सोय लावतो.

मग अडचण कोठें येते? रोपवाटिकेंत प्रत्येक डोळ्याला स्वतःचा खुंट मिळतो. सर्व्हरवर एकाच खुंटावर अनेक डोळे असतात. सेंटओएस ७ या प्रणालीची मुदत २०२४ मध्यें संपली, पण तिचें उदाहरण फार बोलकें आहे. तींत मारियाडीबीचा एक साहाय्यक संच मुळापासूनच बसविलेला असे. मायएस्क्यूएलची नवी आवृत्ति ५.७ आणावयास जावें तर तिचा या संचाशीं विरोध. अननुभवी माणूस संच काढून टाकावयास निघे, आणि त्यासरशी टपाल पाठविणारी ‘पोस्टफिक्स’ ही आज्ञावलीही काढण्याच्या यादींत येई. टपालाचा व डेटाबेसाचा संबंध काय? संबंध एवढाच कीं, पोस्टफिक्सला त्या संचांतील अठराव्या क्रमांकाचा दुवा हवा होता आणि नवी आवृत्ति विसाव्या क्रमांकाचा दुवा देत होती. मायएस्क्यूएलच्या कर्त्यांनीं जुना दुवा पुरविणारें एक वेगळें पॅकेज दिलेलेंच होतें. तें सोबत घेतलें कीं तंटा मिटे. न घेतां यादीला ‘होय’ म्हटलें, तर पुस्तकें परत मागणारीं स्मरणपत्रें त्या दिवसापासून बंद.

पूर्वीं एक असलेले घटक पुढें दुरावतात, हें दुसरें कारण. मायएस्क्यूएल ओरॅकलच्या हातीं जाणार असें दिसूं लागल्यावर तिच्या मूळ कर्त्यांपैकीं मॉन्टी विडेनियस यांनीं २००९ मध्यें मारियाडीबीची वेगळी शाखा काढली. दोन्ही नांवें त्यांच्या मुलींचीं आहेत. मी ही थोरली, मारिया धाकटी. डेबियननें २०१७ च्या नवव्या आवृत्तींत धाकटीलाच घरांत ठेवलें. आरंभीं दोघींत फारसा फरक नव्हता. परंतु २०२३ मध्यें पर्लच्या जुन्या दुभाष्याची पांचवी आवृत्ति निघाली, ती मायएस्क्यूएल ८ च्याच संचावर घडते; मारियाडीबीसाठीं वेगळा दुभाष्या आहे.

कारभाऱ्यानें नकार दिला म्हणजे काय करावें? प्रथम त्याचा निरोप वाचावा. ‘मोडकीं पॅकेजें धरून ठेवलीं आहेत’ असा अ‍ॅप्टचा एक निरोप प्रसिद्ध आहे, आणि माझ्या मतें तो पुष्कळदां दिशाभूल करणारा आहे. बहुधा कोणींच कांहीं धरून ठेवलेलें नसतें, दोन भांडारांतील आवृत्त्या एकमेकींशीं जुळत नसतात एवढेंच. ‘अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी’ ही आज्ञा दिली कीं कोणती आवृत्ति कोणत्या भांडारांतून येत आहे तें कळतें. प्रत्यक्ष बसविण्यापूर्वीं नुसती तालीम करण्याचीही सोय आहे. तींत काय येईल व काय जाईल याची यादी मिळते. जाणाऱ्यांची यादी आधीं वाचावी. अटी डावलून बसविण्याच्या आज्ञा आहेत, पण त्यांनीं तंटा मिटत नाहीं, फक्त झांकला जातो.

नव्या डेटाबेसाचा हट्ट नसेल तर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारांतील आवृत्ति घेणें हेंच उत्तम. हट्टाला कारण असेल तर डेटाबेस स्वतंत्र संगणकावर किंवा वेगळ्या कंटेनरांत ठेवावा. म्हणजे त्याला स्वतःचा खुंट मिळतो. तरीही बोलण्याची रीत जुळावी लागते. २०१८ मध्यें आलेल्या मायएस्क्यूएल ८ नें परवलीचा शब्द तपासण्याची पद्धत बदलली, आणि जुन्या दुभाष्यांना दारांतूनच परत जावें लागलें. २०२४ च्या नवव्या आवृत्तींतून तर जुनी पद्धत काढूनच टाकली आहे. शिवाय ‘रँक’ व ‘ग्रुप्स’ हे शब्द आठव्या आवृत्तीनें स्वतःसाठीं राखून ठेवले. ज्या जुन्या आज्ञावलींत रकान्यांना तीं नांवें होतीं, त्या सुरळीत बसल्या, पण पहिल्याच प्रश्नाला अडखळल्या.

एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. ५.७ चें दप्तर एकदां आठव्या आवृत्तीनें उघडलें कीं मागें फिरण्याची वाट नाहीं. म्हणून जुन्या डेटाबेसाची संपूर्ण नक्कल आधीं काढावी, ती एखाद्या फावल्या संगणकावर नव्या आवृत्तींत उतरवावी, आणि तेथें एक पुस्तक देऊन व परत घेऊन पहावें. सभासदांची नांवें मराठींत असतील तर जोडाक्षरें शाबूत आलीं कीं नाहीं, तेंही त्याच वेळीं तपासावें.