जंगल राखलं, झरे राहून गेले

आपल्याकडे पाऊस समुद्रावरून येतो. केरळात मान्सून दाखल झाला की कोकणात डोळे आभाळाकडे लागतात. दक्षिण ॲमेझॉनमध्ये मात्र पावसाळ्याची सुरुवात जंगल स्वतः करतं! तिथला पावसाळा समुद्री वाऱ्यांचा पट्टा पोहोचण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होतो. हे कसं घडतं, याचं कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. 2017 साली शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या मदतीने तिथल्या वाफेतला जड हायड्रोजन मोजला. समुद्रावरून आलेल्या वाफेपेक्षा झाडांतून आलेल्या वाफेत तो जास्त असतो. पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या हवेत होती ती मुख्यतः झाडांची वाफ.

कोरड्या दिवसांत जमिनीचा वरचा थर वाळतो, तेव्हा ही झाडं आठ-आठ मीटर खोल गेलेल्या मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. एक मोठं झाड दिवसाला काहीशे लिटर! त्या वाफेचे ढग होतात, पहिला पाऊस पडतो आणि वर चढणारी हवा मग समुद्रावरचे वारे आत खेचून घेते.

याच भागात ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात शिंगू नदीच्या काठी कुइकुरो, वाउजा, इकपेंग, किसेजे असे सोळा आदिवासी समाज राहतात. आदिवासींसाठी झटणाऱ्या विलास-बोआस बंधूंनी अनेक वर्षं चिकाटीने प्रयत्न केले आणि 1961 मध्ये या समाजांसाठी सुमारे 26 हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश राखीव झाला. सात गोवे मावतील एवढा. उपग्रहाच्या छायाचित्रात तो आज गर्द हिरवा दिसतो आणि भोवती आखीव शेतं पसरलेली दिसतात. हद्द आखताना एक गोष्ट मात्र राहून गेली. शिंगूला मिळणाऱ्या नद्यांचे उगम या हद्दीच्या बाहेर पडले.

त्या बाहेरच्या जमिनीवर पुढे सोयाबीन आलं. तेही एक नवलच आहे. इथली माती आम्लधर्मी, आणि सोयाबीन मूळचं समशीतोष्ण हवेतलं. 1973 मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी मातीत चुना मिसळायला लावला, उष्ण कटिबंधातल्या दिवसमानाला जुळणारे वाण काढले, मुळांवर नत्र धरणारे जिवाणू शोधले. ब्राझील आज जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवतो आणि त्यात मातो ग्रोसोचा वाटा सगळ्यात मोठा. एकेक शेत हजारो हेक्टरांचं. या शास्त्रज्ञांचं कर्तृत्व मी मनापासून मानतो. पण त्याची किंमत नदीच्या खालच्या अंगाला राहणारी माणसं मोजताहेत.

सोयाबीन जमिनीत असतं तीन-चार महिने. कोरड्या दिवसांत खोलवरचं पाणी ओढून आभाळात पाठवणं त्याच्याकडून होत नाही. शिंगूच्या वरच्या खोऱ्यात जंगल जाऊन पीक आलं तिथे जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान सहा अंशांहून अधिक वाढल्याचं मोजमापांत दिसलं आहे. शेतांतली माती आणि फवारणीची औषधं वाहून नदीत येतात, आणि या लोकांचं मुख्य अन्न म्हणजे मासे आणि कसावा.

कसाव्याचं वेळापत्रक तर पावसावरच बांधलेलं. कोरडा हंगाम संपता संपता जंगलाचा छोटा तुकडा तोडून जाळायचा आणि पहिल्या सरींबरोबर लागवड करायची. पाऊस जवळ आला हे रातकिडे ओरडून सांगायचे. हल्ली त्यांचा आवाज वेळेवर येत नाही, असं गावकरी सांगतात. पूर्वी लावलेली आग ओलसर जंगलाशी पोहोचली की आपोआप विझायची; आता जंगलच सुकलेलं, त्यामुळे ती आत शिरते. फवारणीच्या वासाने हैराण होऊन किसेजेंनी तर शेतांच्या हद्दीलगतचं आपलं गाव सोडलं आणि आत दूर नवं वसवलं. राखीव हद्दीत नांगर न घालताही एखाद्या समाजाची उपजीविका मोडता येते, ती अशी.

पण शिंगूची माणसं हातावर हात धरून बसलेली नाहीत. 2007 मध्ये तिथे बियाणं गोळा करणाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. इकपेंग बायका रानात फिरून झाडाखालचं बी वेचतात, सोलतात, वाळवतात. दोनशेहून अधिक जातींचं बी! नदीकाठचं जंगल राखणं कायद्याने बंधनकारक असल्यामुळे हे बी विकत घेणाऱ्यांत मोठे शेतमालकही असतात. मग ‘मुवूका’ होतो: ताडपत्रीवर रानबियांचा ढीग ओततात, त्यात वाळू, ताग आणि चक्क तूर मिसळतात आणि फावड्याने खालीवर करतात. हे मिश्रण पेरायला कधी कधी सोयाबीनचीच यंत्रं वापरतात. आधी तूर-ताग झपाट्याने वाढून सावली धरतात आणि गवताला दाबतात. दोन-तीन वर्षांत ते मरतात, तोवर लवकर वाढणारी झाडं वर आलेली असतात, आणि त्यांच्या आडोशाला शंभर वर्षं जगणारी झाडं सावकाश उभी राहतात. भारतातून आफ्रिकेमार्गे तिथे पोहोचलेली आपली तूर शिंगूच्या जंगलाची दाई झाली आहे! किसेजेंनी परत मिळालेल्या ओसाड कुरणांवर पेकी या फळाची झाडं लावली; त्या फळाच्या तेलासाठी त्यांच्या संघटनेला 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं.

भारत सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. आपल्या फोडणीतलं तेल कुठल्या नदीच्या खोऱ्यात पिकलं, हे पिशवीवर वाचायला मिळत नाही. ते छापलं जावं, असा आग्रह आपण गिऱ्हाइकांनी धरायला हवा.